चौदा लाल टॅग आणि विक्टरचं इंग्रजी

"विक, प्रेस नंबर चारचं काय झालं?" प्लांट मॅनेजर डेव्हने विचारलं.

दुपारी तीनला शिफ्ट बदलते, त्याआधीची ही दहा मिनिटांची मीटिंग. आम्ही तिला हँडओव्हर म्हणतो. जाणाऱ्याने येणाऱ्याला सांगायचं: काय बिघडलं, काय दुरुस्त केलं, काय राहिलं.

विक्टर छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आय टर्मिनेटेड द ऑपरेशन. देन आय एक्स्ट्रॅक्टेड द सील." दुपारवाले खो खो हसले. विक्टरने मान खाली घातली आणि पुढचं काही सांगितलंच नाही.

केंब्रिजमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मेन्टेनन्स सुपरवायझर आहे. विक्टर कझाकस्तानचा, मातृभाषा रशियन, तीस वर्षं भाग दाबून घडवणाऱ्या प्रेस मशीनवर घालवलेला. आवाज ऐकून बिघाड सांगतो. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की तोंडाला कुलूप.

मीटिंग संपल्यावर डेव्हने मला बाजूला घेतलं. "वर्षा, शुक्रवारी त्याचं प्रोबेशन संपतंय. काम उत्तम आहे. पण त्याने काय उघडलं, काय बंद ठेवलं हे पुढच्याला कळलं नाही, तर कुणाचा तरी हात जाईल. मी त्याला ठेवू शकत नाही."

डेव्हचं चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. "शुक्रवारपर्यंत थांब," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लंचला विक्टरला गाठलं. त्याने एक जाड वही काढली. शट ऑफ, शट डाऊन, टेक आउट, पुट बॅक, असली दोन शब्दांची सगळी इंग्रजी क्रियापदं एपासून झेडपर्यंत, शेजारी रशियन अर्थ. रोज वीस पाठ करायचा. "रशियनमध्ये 'आउट', 'ऑफ'सारखा छोटा तुकडा शब्दाच्या पुढे चिकटलेला असतो, मिस वर्षा," तो म्हणाला. "इथे मागे सुटा लटकतो. मीटिंगमध्ये मला आख्खी यादी आठवावी लागते. तोवर सगळे हसायला लागतात. मग मी पुस्तकातला मोठा शब्द वापरतो. तो निदान चुकत नाही."

"वही लॉकरमध्ये ठेव," मी म्हणाले. "उद्या आपण मशीनवर शिकू."

त्यानंतरच्या दिवशी प्रेस चार एक वाजता मेन्टेनन्ससाठी बंद करायचाच होता. जिथे जे काम, तिथे तो शब्द टांगायचा, असं मी ठरवलं. होजपाशी, म्हणजे तेलाच्या नळीपाशी 'हूक अप', तेलाच्या टाकीपाशी 'टॉप अप'. कागद तेलाने भिजतो. म्हणून मी लॉकआउटचे लाल टॅग घेतले. जाड, दोरीवाले, पाठ कोरी.

आता हे टॅग म्हणजे काय ते सांगते. मशीनमध्ये हात घालण्याआधी आम्ही मेन स्विचला कुलूप लावतो आणि आपलं नाव लिहिलेला लाल टॅग अडकवतो. अर्थ एकच: माणूस आत आहे, सुरू करू नका. ज्याचं नाव, त्यानेच तो काढायचा. हे मीच नव्या लोकांना शिकवते. आणि मीच असले चौदा टॅग मशीनभर लटकवले. वर कहर म्हणजे, वर्षानुवर्षांच्या सवयीने प्रत्येकावर माझी सही ठोकली.

पण शिकवणी झकास झाली. विक्टर तेल अडवणारं रबरी सील काढायचा आणि म्हणायचा, "टेक आउट." बसवायचा, "पुट इन." तासाभरात तो टॅगकडे बघेनासा झाला. मी एवढी खूश की, अडीचची डेंटिस्टची अपॉइंटमेंट आठवताच तशीच पळाले. टॅग राहिले.

साडेतीनला फोन आला. "प्रेस चार बंद उभा आहे," डेव्ह म्हणाला. "त्यावर तुझी चौदा नावं आहेत. ये." आणि फोन ठेवला.

पोचले तेव्हा माझं अर्धं तोंड बधिर. बोलायला गेले तर शब्दाऐवजी लाळच आली. प्रेससमोर डेव्ह, दुपारच्या शिफ्टची प्रमुख ट्रेसी आणि तिची आख्खी टीम उभी. विक्टरची शिफ्ट कधीच संपली होती, पण तो घरी गेला नव्हता.

"कुणी सांगणार आहे का, हे काय चाललंय?" डेव्ह म्हणाला.

माझं तोंड चालेना. विक्टरने माझ्याकडे बघितलं आणि पुढे झाला. होज, टाकी, सील, एकेका जागी हात ठेवत बोलला, "वी शट इट डाऊन ॲट वन. आय टूक आउट द ओल्ड सील, पुट इन अ न्यू वन, हूक्ड अप द होज, टॉप्ड अप द ऑइल. नथिंग लेफ्ट. द टॅग्ज आर माय इंग्लिश स्कूल. माय आयडिया."

कुणी हसलं नाही.

"मशीन तयार आहे, तर टॅग तूच का नाही काढलेस?" ट्रेसीने विचारलं.

"त्यावर माझं नाव नाही," विक्टर म्हणाला. "मला माहीत होतं की आत कुणी नाही. पण आज मी दुसऱ्याचा टॅग काढला, तर उद्या तुम्ही माझा काढाल."

माझे डोळे भरून आले. नोकरी जायच्या बेतात असलेला माणूस, आणि हे. मी चौदा टॅग काढले. पहिल्या झटक्यात प्रेस सुरू झाला.

"आयडिया माझी होती," मी डेव्हला कसंबसं म्हणाले.

"कळलं ते. अक्षर तुझं आहे."

शुक्रवारी एकाच प्रिंटरवरून दोन पत्रं निघाली. एक विक्टरचं, पर्मनंट झाल्याचं. दुसरं माझं, सेफ्टीचा नियम मोडल्याबद्दल लेखी ताकीद. मी सही केली. ताकीद योग्यच होती.

आता नवीन माणूस आला की लॉकआउटचा नियम विक्टर शिकवतो. मला तो विषय शिकवू देत नाहीत.