भाव : दहापैकी सहा

पियानोच्या परीक्षेत पियानो दुरुस्त करायला आलेला माणूस पहिल्या वर्गात पास झाला, याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. म्हणजे घंटा मी वाजवली. गुण मामाने दिले. पण आमच्या घराण्यात पहिल्यापासून घंटा वाजवणाऱ्यालाच धरतात.

माझा मामा शाळेत संगीत शिकवतो. 'शिकवतो' हे आपलं सवयीने लिहिलं. मामा मोजतो. पोरं त्याला पाठीमागे तराजूमास्तर म्हणतात, आणि पुढ्यातही म्हणाली असती, पण मग त्याने त्या हाकेलाही गुण दिले असते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मामी कपडे वाळत घालताना काहीतरी गुणगुणली, तर हा खिडकीतून म्हणाला, "तीसपैकी सतरा." त्यानंतर मामीला गुणगुणताना कुणी ऐकलं नाही. मामाला वाटतं, तिला आवड नाही.

माझं शिक्षण एका लहान गावातल्या शाळेत झालं. तिथे संगीताच्या तासाला आम्हाला मैदानातलं गवत उपटायला लावत. त्यामुळे संगीताने माझं काही बिघडवलेलं नाही. नोकरी शोधायला मी मामाकडे येऊन राहिलो, आणि शाळेचा शिपाई रजेवर गेला म्हणून मामाने मला परीक्षेच्या दारावर उभं केलं. काम सोपं होतं. मुलांकडून चिठ्ठ्या उचलून घ्यायच्या, क्रम माझ्याजवळ ठेवायचा, एकेकाला आत सोडायचं आणि सोडलं की घंटा वाजवायची.

"कोण आत गेलं ते मला कळता कामा नये," मामाने बजावलं. "माणूस आत, घंटा. एवढं जमेल ना?"

"जमेल की."

"तुझ्या आईलाही असंच वाटायचं. गणितात."

मामाला कळता कामा नये, याचं कारण त्याची मुलगी. माझी ही मामेबहीण त्याच शाळेत शेवटच्या वर्षाला होती. तिने शाळेत पाऊल टाकलं त्या वर्षी मामाने संगीताच्या खोलीत पडदा लावला. पुढे पियानो, मागे मामा. पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको. परीक्षेआधी महिनाभर तो घरी कानात कापूस घालून बसायचा, म्हणजे तिचा सराव कानावर पडू नये. मी एकदा विचारलं, "मामी, याचा त्रास नाही होत?" मामी म्हणाली, "छे रे. बाकीचे अकरा महिने तो कापसाशिवाय ऐकत नाही."

आता त्याची गुणांची पद्धत. स्वर तीस, ताल तीस, बोटं वीस, बैठक दहा, भाव दहा. बैठक म्हणजे वाजवताना माणूस कसा बसतो ते. पडद्यामागून बसणं कसं दिसणार, असा प्रश्न तुमच्या-माझ्यासारख्या अडाण्याला पडतो. मामाने तोही सोडवला होता. खुर्ची करकरली की एक गुण कमी. पियानोपुढची खुर्ची होती जुनी, एक पाय डगडगता. तिच्यावर मांजर बसलं तरी करकरायची. वर्षानुवर्षं तो पोरांच्या नावावर त्या खुर्चीला नापास करत होता.

आणि भाव. भावाच्या रकान्यात मामा प्रत्येकाला सहा द्यायचा. हुशाराला सहा, ढ गोळ्याला सहा, वाजवता वाजवता रडलेल्या मुलीला सहा, मध्येच शिंकलेल्या मुलाला सहा. यामागे इतिहास आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने एका मुलाला भावाचे नऊ दिले होते. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या एका मुलाचा बाप आला. धिप्पाड, दातांचा डॉक्टर. म्हणाला, "मास्तर, हे नऊ कुठे दिसले तुम्हाला? मलाही दाखवा." मामाला दाखवता येईना. स्वर दाखवता येतो, ताल हाताने मोजून दाखवता येतो. नऊ गुणांचा भाव कुठून काढून टेबलावर ठेवणार? त्या दिवसापासून सहा. पाच दिले की त्या मुलाचा बाप येतो, सात दिले की बाकीच्यांचे येतात. सहाला कुणी भांडायला येत नाही. याला मामा 'अनुभव' म्हणतो.

मामेबहिणीला संगीत महाविद्यालयात जायचं होतं. त्यासाठी सत्तर गुण लागत. सत्तर म्हणजे सत्तर, एकोणसत्तरवाल्याला दारातून परत पाठवत. तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. ती जेवणाच्या टेबलावरही बोटं आपटायची, आणि मामा, कापूसवाला, तिला म्हणायचा, "टेबल हलतंय."

परीक्षेच्या दिवशी चिठ्ठीत तिचा अकरावा क्रमांक निघाला. दहावा मुलगा बाहेर आला तेव्हा ती जागेवर नव्हती. बोटं गार पडली म्हणून गरम पाण्यात हात बुडवायला गेली होती. तेवढ्यात ट्यूनरकाका आले. पियानोचे सूर लावणारा हा माणूस शाळेत वर्षातून दोनदा येतो. त्यांच्या पिशवीत चाव्या, तोंडात लवंग.

"मधली एक तार उतरलीय," ते म्हणाले. "दहाव्याने ठोकून ठोकून पार वाट लावली. पाच मिनिटं दे."

मला वाटलं, बरंच झालं, बहिणीला चांगला पियानो मिळेल. मी दार उघडलं. काका आत गेले. आणि माणूस आत, घंटा. हात आपोआप गेला.

आतून आवाज यायला लागले. टंग. टंग. टंग. एकच पट्टी, पुन्हा पुन्हा. मग तिच्या शेजारची. मग दोन्ही मिळून. मग बराच वेळ शांतता, त्यात फक्त चावी फिरल्याचं किरकिरणं. पुन्हा टंग. शेवटी काकांनी सगळ्या पट्ट्यांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला, एक जुनी पोरांची धून अर्धी वाजवली आणि बाहेर आले. मी घंटेचा विचारही केला नाही. पडद्यामागून कुणी काही बोललं नाही, तर माझं काय चुकलं असेल?

पडद्यामागे काय चाललं होतं ते नंतर कळलं. त्या वर्षी वरून एक परिपत्रक आलं होतं: शेवटच्या वर्षाच्या मुलांनी स्वतःच्या मनाचं वाजवावं, परीक्षकांनी नव्या कल्पनांचा आदर करावा. मामाला परिपत्रकाची भीती दातांच्या डॉक्टरापेक्षा जास्त. पहिल्या 'टंग'ला तो दचकला, दुसऱ्याला सावरला, आणि तिसऱ्याला त्याने आदर करायला सुरुवात केली.

बहीण आली, मी तिला आत सोडलं, घंटा वाजवली. दाराला कान लावून मी ऐकत होतो. मला त्यातलं कळत नाही, पण मधल्या एका जागी ती थांबली आणि माझाही श्वास थांबला, एवढं सांगू शकतो. मग खुर्ची करकरली.

शेवटचा मुलगा गेल्यावर मामा कागद घेऊन पडद्याबाहेर आला. मामी त्याचा डबा घेऊन आली होती. बहीण दारातच नखं खात उभी.

"मुलं किती?" मामाने विचारलं.

"तेरा."

"मग कागद चौदा कसे?"

"गणितात मी आईवर गेलोय," मी म्हणालो.

तेवढ्यात बहिणीने मामाच्या हाताखालून मान घातली आणि अकरा नंबरचा कागद वाचला. "एकाहत्तर! बाबा, अकरा म्हणजे मी! एकाहत्तर!" तिने मामीला मिठी मारली, डबा पडता पडता राहिला. मामाच्या चेहऱ्यावर असा काही डौल आला, जणू पोरगी त्याने पडद्यामागे बसून घडवली. त्याने कागद उचलून अकराव्यावरचा शेरा मोठ्याने वाचला. "'एकाच स्वरावर दीर्घ चिंतन. शांततेचा धाडसी वापर. शेवटी बालपणाकडे परतणं.' छान होतं ते, बाळ. आधी मला समजलंच नाही."

बहिणीची मिठी सैल झाली. "मी एका स्वरावर कुठे चिंतन केलं?"

बाहेरच्या बाकावरून ट्यूनरकाकांनी आत डोकावून पाहिलं. "मास्तर, खालची एक तार राहिलीय. परीक्षा संपली असेल तर घेऊ का ती?"

मी काकांकडे पाहिलं. मग घंटेकडे. आणि मग सांगून टाकलं.

 सगळ्यात आधी मामी हसली. हसता हसता ती त्या डगडगत्या खुर्चीवर बसली, आणि खुर्चीही तिच्याबरोबर करकरायला लागली.

"अशक्य!" मामा म्हणाला. "अहो, स्वरात एकोणतीस दिलेत मी. इतका शुद्ध स्वर!"

"शुद्ध असणारच," मामी डोळे पुसत म्हणाली. "तो माणूस त्याचेच पैसे घेतो."

"आणि बैठक? दहापैकी दहा! एकदाही खुर्ची वाजली नाही."

"मी उभाच होतो हो," काका म्हणाले. "बसून कशी फिरवणार चावी?" मग जरा लाजून त्यांनी विचारलं, "पास आहे का मी?"

बहिणीने बारा नंबरचा कागद शोधला होता. तो तिचा. बेरीज एकोणसत्तर. बैठक चार. भाव सहा. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि ती हसली नाही.

"बाबा, यांना भावाचे किती दिलेत?"

मामा पडद्याच्या कडेशी चाळा करू लागला.

"सहा दिलेत," ती म्हणाली. "मलाही सहा. लहानपणापासून मला सहा आहेत. मी दरवर्षी आणखी चांगलं वाजवून बघायचे, आता तरी सात होतील. आणि काका तार पिळत होते, त्यांनाही सहा?"

"मी लवंग चघळत होतो," काका मदतीला धावले. "भाव असा काही नव्हता माझा."

इथे मामाने जे केलं ते त्याच्या सगळ्या चरित्रात शोभून दिसेल. त्याने घसा साफ केला, दार लोटलं आणि हळूच म्हणाला, "हे बघ, कागदावर अकरा लिहिलंय. अकरा तू आहेस. एकाहत्तर झाले. तुला प्रवेश मिळतो. चौदावा कागद फाडायचा आणि बाकीचे आहेत त्या नंबरांना द्यायचे. विषय संपला."

पाहिलंत? पडदा लावणारा, कापूस घालणारा, पोरीला झुकतं माप नको म्हणून स्वतःच्या घरात बहिरा झालेला हा माणूस. पोरीचं वाजवणं ऐकून एक गुण वाढवायला याचा हात थरथरतो, आणि तार पिळणाऱ्याचे एकाहत्तर तिच्या पदरात घालायला थरथरत नाही.

"चिठ्ठीत बारावी कोण होती माहितीय? नि तेरावी?" बहीण म्हणाली. "बारावीला माझे नि तेरावीला बारावीचे गुण देणार? मला काकांच्या गुणांवर कुठेही जायचं नाही. मला माझे द्या. सहाचे सात करा, सत्तर होतात."

"सात कुठे दाखवू मी? कुणी विचारलं तर?"

"ऐका, मग दाखवा."

तिने पडद्याची दोरी ओढली. पडदा मामाच्या खांद्यावर पडला. पियानोपुढे बसून तिने तेच पुन्हा वाजवलं, आणि मामा पहिल्यांदाच समोर बसला. लपायला जागा नव्हती. कापूस घरी. मधल्या त्या जागी ती थांबली. ट्यूनरकाकांनी लवंग चघळणं थांबवलं. मामीने डबा छातीशी धरला होता. मामाकडे मी मुद्दाम पाहिलं, कारण अशा वेळी माणसं बदलतात असं म्हणतात. मामाच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं कशाला सांगू, होतं. वाजवणं संपलं, त्याने नाक पुसलं, पेन्सिल उचलली, भावाच्या रकान्यावर टेकवली. तिथे ती बराच वेळ राहिली.

मग ती एक रकाना वर सरकली. मामाने बैठकीतले चार खोडून पाच केले.

"आता दिसलं ना मला," तो म्हणाला. "पाठ ताठ होती. हे दाखवता येतं."

बेरीज सत्तर. बाकीच्यांचे कागद मी क्रमाने नीट लावून दिले. ट्यूनरकाकांचा मात्र मामाने फाडायला घेतला, तेव्हा काका म्हणाले, "असू द्या हो. घरी दाखवीन." तो त्यांनी पिशवीत ठेवला, चाव्यांच्या शेजारी.

बहीण आता महाविद्यालयात आहे. सुट्टीत घरी येते. मामाने जेवताना मीठ मागितलं की ती मिठाची बरणी हातात धरून ठेवते.

"आधी भावातला माझा एक गुण."

"बघू," मामा म्हणतो, आणि अळणी जेवतो.