मधल्या ओळीतलं चिन्ह

आमच्या कॉलेजात गणिताच्या वर्गाला दार होतं आणि त्या दाराला आतून कडी होती. बाकीचे वर्ग बांबूच्या तट्ट्यांनी वेगळे केलेले. चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, कॉलेज निघून फार दिवस झाले नव्हते. जागा भाड्याची होती, पूर्वी तिथं मोहाची आणि हिरड्याची पोती ठेवत. पावसाळ्यात जमिनीला ओल आली की त्यांचा आंबूस वास वर यायचा आणि दार लावलं की तासभर तिथंच कोंडून राहायचा.

पहिल्या दिवशी सर आत आले, कडी घातली, आणि खिशातून घडी केलेला कागद काढून वाचायला लागले. वय तिशीच्या आतबाहेर, नागपूरकडचे, अंगानं काटकुळे. आवाज इतका खालचा की मागच्या बाकांवरची मुलं आपोआप पुढे वाकली. घंटा झाल्यावर दार उघडणार नाही, बाहेर कुणीही असो. चारांतल्या तीन तासांना हजेरी नसेल त्याच्या परीक्षेच्या फॉर्मवर सही मिळणार नाही. दर शनिवारी घरच्या उदाहरणांची वही टेबलावर हवी. सोमवारी आणलेली वही उघडली जाणार नाही. उत्तर बरोबर असेल पण पायऱ्या नसतील तर शून्य. अडलं तर तासाला विचारायचं, नंतर नाही. शेवटचा नियम वाचण्याआधी त्यांनी कागद मिटला, म्हणजे तो त्यांना पाठ होता. ज्याची वही त्यानंच लिहायची. एकीवरून दुसरी लिहिलेली आढळली तर दोघांची नावं वर्गातून कमी होतील. कुणी कुणाची पाहिली याची चौकशी होणार नाही.

"बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच येतील," ते म्हणाले. "चूक मात्र ज्याची त्याची असते. दोघांची चूक सारखी निघाली तर मला दुसरा पुरावा लागत नाही."

आदल्या वर्षी एका मुलाचं नाव असं कमी झालं होतं म्हणे. तो मग कुठे गेला, हे विचारलं की वरच्या वर्गातली मुलं भलतंच काही बोलायला लागत.

मी मूल गावची. बाबा तिथल्या धानाच्या गिरणीत इंजिनावर होते. मला पुढे शिकवायचं हे त्यांनी घरादाराशी भांडून ठरवलं होतं, आणि मी चांद्याला मावशीकडे राहत होते. वर्गात मी एकटीच मुलगी. माझ्यासाठी पुढे, भिंतीला लावून, वेगळा बाक ठेवलेला होता. पलीकडच्या भिंतीजवळच्या पहिल्या बाकावर एक मुलगा बसायचा, कारण त्याला लांबचं दिसत नसे आणि चष्मा नव्हता. तो चामोर्शीच्या पुढच्या जंगलातला, गोंड. घरी गोंडी बोलायचा, मराठी शाळेत शिकलेला. सरकारी वसतिगृहात राहायचा. फळ्यावरचं एकूण एक अक्षर उतरवून घेणारे वर्गात आम्ही दोघंच होतो. बाकीच्या मुलांना गरज नव्हती. आदल्या वर्षीची एक सोडवलेली वही त्यांच्यात फिरायची, तिच्यात सगळी उत्तरं होती.

त्याच्याशी मी कधी बोलले नव्हते. बोलायची रीतच नव्हती. मावशीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मान खाली घालून जायचं आणि तसंच यायचं.

भादव्यात सरांनी डिटरमिनंट शिकवायला घेतला. आकड्यांच्या तीन ओळी, दोन्ही बाजूंना उभ्या रेघा, आणि त्या सगळ्यांतून शेवटी एकच संख्या काढायची. कुठल्याही ओळीनं उघडला तरी उत्तर तेच यावं लागतं. फक्त प्रत्येक जागेचं अधिक-उणे ठरलेलं असतं आणि ते सांभाळायचं. त्या दिवशी सर मधल्या ओळीनं उघडून दाखवत असताना बाहेरून दार वाजायला लागलं. उशिरा आलेला कुणीतरी होता, पाऊस जोराचा होता. सरांनी मागे पाहिलं नाही, पण खडू थांबला. दार वाजतच राहिलं. मग त्यांनी भराभर पुढचं लिहून काढलं, घंटा झाली, फळा पुसला गेला. बाहेर पडलो तेव्हा उंबऱ्यापाशी चिखलाच्या पावलांचा गाळ साचला होता आणि माणूस निघून गेला होता.

शनिवारी वह्या दिल्या. सोमवारी सरांनी वह्या परत वाटल्या त्या दोन सोडून. त्या दोन त्यांनी टेबलावर शेजारी-शेजारी उघडून ठेवल्या आणि आम्हा दोघांना उभं केलं. घरच्या उदाहरणात मधल्या ओळीत दोन शून्यं होती, म्हणून आम्ही दोघांनी त्याच ओळीनं उघडलं होतं. उत्तर उणे पंचवीस यायला हवं होतं. आमच्या दोघांचं अधिक पंचवीस होतं. वर्गात दुसऱ्या कुणाचंही तसं नव्हतं.

सरांनी आधी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मी कोणाची वही पाह्यली नाई, सर."

मग मला विचारलं. मी पण तेच सांगितलं. 

"मग एकच चूक दोघांना कशी सुचली?" सर म्हणाले. उत्तराची वाट न बघता त्यांनी हजेरीच्या पुस्तकात दोन रेघा ओढल्या. फूटपट्टी लावून ओढल्या.

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला एकेका बाकावरून पुढे सरकत आला. तेव्हा मला समजलं की सर नकलेबद्दल बोलताहेत आणि वर्ग भलत्याच गोष्टीबद्दल ऐकतो आहे. याची वही तिच्याकडे किंवा तिची याच्याकडे, म्हणजे ही दोघं कुठेतरी भेटली असणार. संध्याकाळच्या आत ते मावशीच्या ओट्यावर पोचलं.  मावशीनं मला वाढलं आणि स्वतः आत जाऊन बसली. काकांनी त्याच दिवशी मूलला पत्र टाकलं.

आता मी सांगणार आहे ते कुणाला सांगितलेलं नाही. त्याच सोमवारी, दिवेलागणीआधी, मी तासाची कच्ची वही काढली. घरचं ते उदाहरण पहिल्या ओळीनं उघडून पाहिलं. तीस वजा झाले, पाच मिळवले गेले, उणे पंचवीस. पुन्हा केलं. उणे पंचवीस. मग फळ्यावरून उतरवलेलं उदाहरण तसंच ताडून पाहिलं. त्यातही मधल्या ओळीचं पहिलं चिन्ह उलटं होतं. मी ते तसंच उतरवलं होतं, त्यानंही तसंच उतरवलं होतं. चूक आमची नव्हती. ती सरांची होती, दार वाजत असताना झालेली.

मला आनंद झाला नाही. भीती वाढली. ज्यांच्या एका सहीवर वर्ष होतं त्यांना, तुमचं चुकलं, असं मी कुठल्या तोंडानं सांगणार होते? आणि एकटीनं त्यांच्याकडे जायचं म्हटलं तर लोक आणखी बोलणार. दोघांच्या कच्च्या वह्या शेजारी ठेवल्या असत्या तर पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं. पण त्यासाठी त्याच्याशी बोलावं लागलं असतं. मंगळवारी मी सरांकडे गेले नाही. बुधवारी मावशीनं घराबाहेर पडू दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं. गुरुवार तसाच गेला.

शुक्रवारी बाबा अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं आले. अंगावर गिरणीतलेच कपडे, नखांत तेल. मावशीनं आणि काकांनी आपापलं सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाले, "तू सांग बाई. तू सांगशीन ते मी मानीन."

मी वही दाखवली. त्यांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण त्यांनी पहिल्या ओळीनं एकदा आणि मधल्या ओळीनं, फळ्यावरचं चिन्ह धरून, एकदा, असं दोनदा करायला लावलं आणि दोन्ही उत्तरांवर बोट ठेवलं. "हे तुले कधी समजलं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, आज सकाळी.

शनिवारी ते मला घेऊन सरांकडे गेले. सरांनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानंच वही पुढे केली. सरांनी माझी कच्ची वही पाहिली, मग कपाटातून दोन्ही वह्या काढल्या, मग कागद घेऊन स्वतः सोडवलं. खिडकीवरच्या कौलांवरून पाणी गळत होतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि मला वाटलं आता आपल्याला हाकलणार.

"चूक माझी आहे," ते त्याच खालच्या आवाजात म्हणाले. "दुसरा विद्यार्थी कुठे आहे?"

बाबा वसतिगृहात गेले. तिथला शिपाई म्हणाला, "तो गेला ना भाऊ, परवाच्याच रोजी. पेटी इथीच हाये त्याची. नदीले पूर हाये, थांब म्हटलं, आयकला नाई."

परवा म्हणजे गुरुवार. मी घरात बसून होते तो गुरुवार.

सोमवारी सरांनी वर्गात सांगितलं की फळ्यावरचं उदाहरण चुकलं होतं, दोन्ही नावं परत घातली आहेत. कुणी खोकलं नाही. पण पलीकडचा बाक रिकामा होता. सरांनी त्याच्या गावी स्वतः पत्र लिहिलं. ते पत्र वैनगंगेच्या अलीकडेच अडकून पडलं, कारण टपाल पलीकडे नेणारा डोंगा, म्हणजे लाकडी होडी, पुरामुळे बंद होता. बाबांनी मूलहून सायकलीनं घाट गाठला आणि चौकशी केली. डोंगेवाले म्हणाले, असा एक पोरगा दोन दिवस वडाखाली बसला होता. तिसऱ्या दिवशी दिसला नाही. पलीकडे नेला का, तर कुणी नेला नव्हता. परत मागे फिरला का, तर तेही कुणी पाहिलं नव्हतं. नदी तेव्हा काठ सोडून धानात शिरली होती आणि तिच्यातून अख्खी झाडं वाहत होती.

बाबांनी हे पत्रातून कळवलं. ते मी सरांना वाचायला दिलं. त्यानंतर सर दाराला कडी घालीनासे झाले. उशिरा येणारी मुलं आत येऊन बसत, आणि दर वेळी दार सरकलं की सर बोलता बोलता थांबत, कोण आलं ते बघत, मग पुढे बोलत. मी पण बघायची. दसऱ्यापर्यंत असंच चाललं. झोपेत मला पाणी दिसायचं नाही. मला तो वडाखाली बसलेला दिसायचा, डोळे बारीक करून पलीकडचा काठ शोधणारा, आणि त्याला तो काठ दिसत नसे.

परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपली. सरांनी त्याच्या फॉर्मवर सही करून ठेवली होती. खाली त्याची सही लागत होती, ती कोण करणार?

दिवाळी होऊन आठ-दहा दिवसांनी सरांच्या नावानं एक कार्ड आलं. तासानंतर त्यांनी मला थांबवलं आणि वाचायला दिलं. अक्षर त्याचंच होतं. नदीच्या वरच्या अंगाला जाऊन, लाकडं नेणाऱ्या माणसांबरोबर तो उतार मिळेल तिथून पार झाला होता. घरी पोचल्यावर महिनाभर तापानं पडून होता. आता जंगलखात्यात झाडांवर खुणा करायच्या कामावर लागला होता, परत येणार नव्हता. पेटीतली पुस्तकं वसतिगृहात ज्याला हवी त्यानं घ्यावीत, असं लिहिलं होतं. आणि शेवटी: "चिन्ह उलटं पडलं हे मला सोमवारीच समजलं होतं. पण मी सांगितलं असतं तर कोणी मानलं असतं?"

मी ते वाक्य दोनदा वाचलं. सर माझ्याकडे पाहत होते. त्या क्षणी मी म्हणू शकले असते की मलाही सोमवारीच समजलं होतं. माझ्या पाठीशी बाबा होते, त्याच्या पाठीशी कुणी नव्हतं. मी मंगळवारी तोंड उघडलं असतं तर तो गेलाच नसता. मी कार्ड परत केलं आणि म्हणाले, तो जिवंत आहे हे बरं झालं.

"हो," सर म्हणाले. "ते बरं झालं." त्यांनी कार्ड पुस्तकात ठेवलं. वर्ष संपल्यावर ते चांदा सोडून गेले, पुढे कुठे शिकवायला होते ते कळलं नाही.

मी पास झाले. नागपूरला गणित घेऊन शिकले आणि मास्तरीण झाले. पुष्कळ वर्षांनी चामोर्शीला परीक्षेवर देखरेख करायला पाठवलं, तेव्हा पहिल्यांदा ती नदी ओलांडली. उन्हाळा होता, घोट्याएवढं पाणी होतं. तिथल्या जंगलखात्याच्या कचेरीत जाऊन मी त्याच्याबद्दल विचारलं. कारकून म्हणाला, हो, तो होता इथं, पाच-सहा वर्षांमागं सिरोंच्याकडे बदली झाली. काही निरोप आहे का, म्हणून त्यानं कागद पुढे केला. मी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं, आणि कागद तसाच परत दिला.