टोपीवरचा कौल

माझा नवरा दत्तात्रय ऑस्ट्रेलियात, पोर्ट केंब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये इलेक्ट्रिशियन आहे आणि वॉलॉंगॉंगच्या आमच्या मराठी मंडळात खुर्च्यामंत्री. हे खातं त्याला कोणी दिलेलं नाही. गेल्या वर्षापर्यंत सलग अकरा वर्षं तो कार्यक्रमाच्या तासभर आधी जाऊन खुर्च्या मांडायचा आणि सगळे जेवून गेले की उचलायचा. आभाराच्या भाषणात हॉलचे आभार मानायचे, केटररचे मानायचे, दत्ताचं नाव एकदाही आलं नव्हतं. "असू दे गं," तो म्हणायचा. मला नव्हतं असू द्यायचं. माझा जीव जळायचा. एकदा तरी या लोकांनी ह्याला हाताला धरून पुढे बसवावं, एवढीच माझी इच्छा होती.

मी ज्या नर्सिंग होममध्ये काम करते तिथे वसईची रेखा डाबरे माझ्याबरोबर आहे. मंडळाची जुनी मेंबर, आणि रविवारी चर्च न चुकवणारी. चहाच्या सुट्टीत ती मला एकेक संत सांगते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये संत फॅबियनचा नंबर लागला.

"सन दोनशे छत्तीस. रोममध्ये नवा पोप निवडायचा होता. मोठमोठी नावं चर्चेत. फॅबियन बिचारा शेतावरून आलेला, त्याच्याकडे कोणाचं लक्षही नाही. इतक्यात एक कबुतर उतरलं आणि थेट त्याच्या डोक्यावर बसलं! सगळे ओरडले, हाच लायक! नेऊन गादीवर बसवला."

"आणि जमलं त्याला?"

"चौदा वर्षं! रोमचे सात भाग केले, गोरगरिबांची सोय बघायला भागाभागाला माणूस नेमला. शेवटी बादशहाने मारला, ते वेगळं."

शेवटचं वाक्य मी सोडून दिलं. बाकीचं डोक्यात पक्कं बसलं.

सप्टेंबरमध्ये मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक होती, पार्कात, बार्बेक्यूसकट. उमेदवार दोन, विवेक आणि शंतनू, आणि दोघांचा छत्तीसचा आकडा. त्या पार्कात एक मॅगपाय राहतो. काळापांढरा, कावळ्याएवढा, आणि घरट्यात पिल्लं असली की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप घालतो. दत्ताच्या मात्र वाटेला जात नाही, कारण खुर्च्या मांडताना दत्ता त्याला स्वतःच्या सँडविचमधलं चीज देतो. आता तुम्हाला कळलंच असेल. त्या सकाळी मी दत्ताची हॅट जरा जास्तच प्रेमाने झटकली आणि तिच्या पट्टीत चीजचा तुकडा खोचला.

शंतनूने सायकलचं हेल्मेट घालून भाषण केलं, विवेकने छत्रीखालून. मतं पडली एकवीस-एकवीस. मग जी जुंपली, ती सॉसेज करपली तरी थांबेना.

"आम्ही वेगळं मंडळ काढतो!" शंतनू म्हणाला.

"काढ की, मेट! नो वरीज!" विवेक ओरडला.

तेवढ्यात झाडावरून मॅगपाय निघाला. एकजात सगळे खाली वाकले. मागे दत्ता एका डुगडुगत्या खुर्चीचा पाय ठोकत होता. पक्षी त्याच्या हॅटवर उतरला आणि ऐटीत बसला.

मग रेखा उठली आणि तिने अख्खा फॅबियन सांगितला, कबुतरापासून सात भागांपर्यंत. बादशहा तिनेही गाळला. विवेक मूळचा सिंधुदुर्गातला. त्याने छत्री मिटली, हात जोडले. "अरे, हा तर कौल लागला!"

"विवेकपेक्षा दत्ता कधीही बरा," शंतनू म्हणाला. भुकेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दत्ताला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. मला रडू आलं. कांद्याच्या धुराचं निमित्त केलं.

दत्ताने काम चोख केलं. थिरूलपासून डॅप्टोपर्यंत वॉलॉंगॉंगचे सात भाग पाडले आणि प्रत्येक भागाला एक घर नेमलं. युनिव्हर्सिटीत नवीन मराठी पोर आलं की पहिला आठवडा त्याला पांघरूण, वरणभात आणि आजारी पडलं तर सोबत. खुर्च्या तो अजूनही मांडतोच. पण अध्यक्षच वाकलेला बघून आता चारजण लाजेकाजेस्तव धावतात.

मला मात्र ते चीज वर्षभर पचलं नव्हतं. माणूस मुळातच लायक होता आणि मी त्याला लबाडीने बसवलं होतं. यंदाच्या निवडणुकीच्या सकाळी हॅट हातात देताना मला राहवलं नाही.

"दत्ता, त्या दिवशी ह्यात मी चीज खोचलं होतं."

"माहीत आहे. गाडीतून उतरतानाच दिसलं."

"मग काढलं का नाहीस?"

तो बुटाची लेस बांधता बांधता थांबला. कान लाल झाले होते.

"अकरा वर्षं खुर्च्या मांडल्या गं," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा बसून बघावं."