गाळ आणायला अंबडला

पुण्याहून निघताना माझ्याजवळ एक कपड्यांची पिशवी होती आणि एक निळी बर्फाची पेटी. पेटीत बर्फाच्या चपट्या पिशव्या आणि निर्जंतुक केलेल्या रिकाम्या बाटल्या. आमचे साहेब म्हणाले होते, "गटाराचे पाणी आणायला कुणी रजा काढून जाते का? कुरिअरने मागवा." मी म्हटले, मी जाते. साहेबांनी मान हलवत अर्जावर सही केली. तीस वर्षे एकाच प्रयोगशाळेत काढल्यावर माणसाला एवढा हट्ट करायचा हक्क मिळतो, असे माझे मत आहे.

माझे काम थोडक्यात सांगते. माणसाला जंतू त्रास देतात, तसे जंतूंनाही त्रास देणारे कुणीतरी असतेच. जंतूंना खाऊन संपवणारे अतिसूक्ष्म विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. हे फाज खाण्याच्या बाबतीत भारी चोखंदळ असतात. आपला ठरावीक जंतू मिळाला तर जेवतील, नाहीतर उपाशी बसतील. जंतू जिथे राहतो तिथेच ते सापडतात, म्हणजे गटारात, नाल्यात, उकिरड्याशेजारी. म्हणून संस्थेत मला मागून गटारवाली म्हणतात. पुढून म्हटले तरी माझी हरकत नाही.

ज्या जंतूसाठी मी निघाले होते तो संभाजीनगरच्या एका रुग्णालयातून आमच्याकडे आला होता. तो जमीर शेख नावाच्या एसटी ड्रायव्हरच्या डाव्या पावलात दोन वर्षांपासून ठाण मांडून बसला होता. पत्रा लागल्याचे निमित्त झाले आणि जखम भरेचना. आम्ही त्या जंतूपुढे एकेक औषध ठेवून पाहिले. कुठल्याही औषधाला तो दाद देत नव्हता. सर्जनने पाय गुडघ्याखालून कापायचे ठरवून सोमवारही नेमून दिला होता. तो सोमवार आता अकरा दिवसांवर आला होता. डाव्या पायाशिवाय क्लच दाबता येत नाही आणि क्लच दाबता येत नसेल तर एसटी चालवता येत नाही.

पुण्यातले होते नव्हते ते सगळे घाण पाणी मी या जंतूवर ओतून पाहिले. काही झाले नाही. मग डोक्यात आले, ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी. हा जंतू ज्या मातीत वाढला, त्याला खाणाराही तिथलाच असणार. मी जमीरभाईंना फोन केला आणि सांगितले, तुमच्या गावाच्या पाण्याचा नमुना घ्यायला येते. ते म्हणाले, "मॅडम, मी पाय देनार न्हाई. डॉक्टर कागद घेऊन बसले, मी सही करून न्हाई राह्यलो. तुम्हाला पानी पाह्यजे, माती पाह्यजे, जे पाह्यजे ते बिलकुल घेऊन जा." पन्नाशीच्या माणसाचा तो शांत आवाज ऐकून मी तिकीट काढले.

जालन्यापर्यंतचा प्रवास नेहमीचाच, वेळेच्या मागे धावणारा. दुपारी जालन्यात उतरले. अंबडच्या गाडीत चढताना कंडक्टरने पेटीकडे पाहिले आणि विचारले, "डोस आले का, बाई?" शेजारच्या बाईने लगेच मांडीवरचे पोर पदराखाली घेतले. बर्फाची पेटी म्हणजे सुई, हे तिला पक्के ठाऊक होते.

"डोस नाहीत," मी म्हटले. "पेटी रिकामी आहे. येताना गटाराचे पाणी भरून आणायचे आहे."

कंडक्टरने पेटी पुन्हा एकदा न्याहाळली. पुण्याची माणसे विक्षिप्त असतात, हे बहुधा त्याने ऐकलेले असावे. पण मी जमीर शेख हे नाव घेतले आणि त्याचा चेहराच बदलला. त्याने मला उठवून पुढच्या सीटवर बसवले, पेटी स्वतः उचलून ड्रायव्हरच्या मागे ठेवली. "मी सहा वर्षं त्यांच्या गाडीवर होतो," तो म्हणाला. "दिवाळीला आल्ते डेपोत, काठी टेकत टेकत. गाडीत चढले, शिटावर बसले, स्टेरिंगला हात लावला अन् उतरून गेले. कोन्हाला काही बोलले न्हाईत." तिकीट मात्र त्याने नियमाप्रमाणे फाडले, ते बरे केले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता. कमरेला ओटी बांधलेल्या बायका रांगेने वेचत होत्या. मध्येच मोसंबीच्या बागा लागत, पानांवर धूळ आणि आत हिरवी फळे. अंबड मागे टाकून पुढे काही मैलांवर मी उतरले. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.

जमीरभाई दारात बाजेवर बसून माझी वाट पाहत होते. पाय पांढऱ्या पट्टीत, बाजेवर आडवा. त्यांच्या पत्नी रुखसानाभाभी घरात उर्दू बोलतात आणि माझ्याशी दोन्हीची मिसळ करून. त्यांनी खिचडी आणि खट्टा (चिंचेचे आंबट पातळ कालवण) वाढला. मी दोनदा मागून घेतले. जेवताना जमीरभाईंनी मला विचारले, "हा तुमचा किडा माझ्या पायातल्या किड्याला खाईल, मंग मला न्हाई खानार?" मी म्हटले, माणूस त्याला आवडत नाही. "मंग त्याची पसंद बराबर आहे," ते म्हणाले आणि खट्ट्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

पट्टी सोडताना मी पाय पाहिला. जखम मी रोज बाटलीत पाहते, पण पायावर पाहणे वेगळे. मला राग आला. एवढासा, डोळ्याला न दिसणारा प्राणी, आणि आम्ही सगळी शिकलेली माणसे त्याला जागा करून द्यायला पाय कापून देणार. त्या संध्याकाळी मी मनाशी ठरवले की या गावातले एकही डबके सोडायचे नाही.

आणि इथेच माझी चूक झाली, तीही एका शब्दाने. फोनवर मी 'नमुना' म्हटले होते. जमीरभाईंनी तोच शब्द पारावर सांगितला, "पुन्याच्या मॅडम पान्याचा नमुना घ्यायला येनार." आता खेडेगावात पाण्याचा नमुना म्हणजे एकच गोष्ट. पिण्याचे पाणी तपासले जाते आणि ते खराब निघाले तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड मिळते. लाल कार्ड म्हणजे चारचौघांत नाक कापले जाणे. आणि त्या नाकाची राखण भगवानराव नावाच्या जलसुरक्षकाकडे (गावाच्या पाण्यात औषध टाकणारा पंचायतीचा माणूस) होती.

सकाळी मी बाटल्या घेऊन घरामागच्या नाल्यावर गेले. नाला पांढरा होता. काठावर पिठासारखी भुकटी सांडली होती आणि पोहण्याच्या तलावावर येतो तसा वास थेट डोळ्यांत शिरत होता. पलीकडे एक साठीचा माणूस बादली घेऊन उभा होता, धोतर वर खोचलेले, चेहऱ्यावर समाधान. हेच भगवानराव.

"घ्या मॅडम, कुठून बी घ्या," ते म्हणाले. "पहाटंच टीसीएल (विहिरीत टाकायची जंतुनाशक पावडर) टाकून ठेवली. ईहिरीत टाकली, टाकीत टाकली, दोन्ही नाल्यात टाकली. म्हशीचं डबकं बी सोडलं न्हाई." त्यांनी खिशातून तपासणीची नळी काढली, नाल्याचे पाणी भरले, वर औषधाचे दोन थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. पाणी पिवळे झाले, म्हणजे पावडर पुरेशी होती. "पास," ते म्हणाले.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ गटारे पाहिली, पण तपासणीत पास झालेले गटार पहिल्यांदाच पाहिले. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पावडरीने जंतू मरतात आणि जंतूंबरोबर त्यांना खाणारेही. गावातला भरवशाचा एक थेंब उरला नव्हता. मी त्या वयस्क माणसाला नको नको ते बोलले. तुम्ही कुणाचा पाय कापताय ते कळते का, असेसुद्धा बोलले. त्यांनी बादली खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मॅडम, घान पाह्यजे म्हनून पुन्याहून कोन्ही येतं का? मला कसं समजनार? जमीर माझ्या भावासारखा. त्याच्या घरी पाव्हनं येनार, गावाचं पानी खराब निघालं तर त्याला खाली पाहावं लागंल, म्हनून पहाटं उठलो."

नमुना हा शब्द माझाच होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी नाल्याच्या मोरीवर बसले. जमीरभाई काठी टेकत मागे आले होते. त्यांनी नाल्याकडे पाहिले, भगवानरावांकडे पाहिले आणि एवढेच विचारले, "मंग आता?"

इतक्यात रुखसानाभाभी घमेले घेऊन बाहेर आल्या. सकाळची पट्टी बदलून झाली होती. घमेल्यात जखम धुतलेले पाणी होते. माझ्या अंदाजाने त्या ते पुढच्या रस्त्यावर किंवा नाल्यात फेकणार होत्या. त्या दोन्हीकडे गेल्या नाहीत. घराला वळसा घालून मागच्या कोपऱ्यात गेल्या, मेंदीच्या झुडपाच्या बुडाशी वाकल्या आणि पाणी सावकाश ओतले.

मी विचारले, रोज इथेच ओतता?

"दो साल से," त्या म्हणाल्या. "जखम का पानी रस्ते पे नै डालते, बाई. कोई लांघ गया तो?" (कुणी ओलांडले तर त्याला बाधायचे.)

मी उठून धावले. खरेच धावले, या गुडघ्यांनी. मेंदीच्या बुडाशी हातभर जागा काळी, ओली, बुळबुळीत झाली होती. दोन वर्षे रोज, उकळून गार केलेल्या पाण्याने तीच जखम धुतल्यावर उरलेले, तेच पाणी. त्या जंतूचे दुसरे घर असेल तर हेच. आणि त्याच्या वाईटावर असणारा कुणी असेल तर तोही इथेच बसलेला असणार.

मागून भगवानरावांचा आवाज आला, "हे राह्यलं होय? थांबा, जल्दी टाकून देतो." आणि ते बादली घेऊन निघाले.

मी मेंदीपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिले. "भगवानराव, एक पाऊल पुढे टाकाल तर ती बादली तुमच्याच डोक्यावर ओतीन." ते थबकले. जमीरभाई काठीवर रेलून हसायला लागले, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने हसले. मग भगवानरावही हसले आणि बादली लांब नेऊन ठेवून आले.

मी सहा बाटल्या भरल्या, वरचा गाळ, खालचा गाळ, मुळांजवळचा गाळ. पेटीतला बर्फ एव्हाना वितळला होता. भगवानराव सायकलवर अंबडला गेले आणि कुल्फीवाल्याकडून गोणपाटात गुंडाळलेला बर्फ घेऊन आले. मी निघताना त्यांनी माझ्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली. 'या गावाच्या पिण्याच्या पाण्याशी माझ्या तपासणीचा काहीही संबंध नाही,' असे लिहून मी सही केली. त्यांनी ती घडी करून टोपीत ठेवली. गावाचे नाव मी का लिहिले नाही, ते आता कळले असेल.

परतीच्या प्रवासात पेटी मांडीवर होती. जालन्यापासून एक गृहस्थ शेजारी बसले, त्यांनी वास घेतला आणि खिडकीची जागा मला देऊन टाकली. पुण्यात पोचल्यावर घरी न जाता मी प्रयोगशाळेत गेले. गाळ पाण्यात कालवला, गाळला आणि जमीरभाईंच्या जंतूची साय धरलेल्या ताटल्यांवर एकेक थेंब सोडला.

दुसऱ्या दिवशी पाच ताटल्या जशाच्या तशा होत्या. सहाव्या ताटलीत, मुळांजवळच्या गाळाची होती तिच्यात, सायीला भोके पडली होती. गोल, स्वच्छ, आरपार. सगळी औषधे पचवून बसलेल्या त्या जंतूला कुणीतरी खाल्ले होते. मी साहेबांना बोलावले. त्यांनी ताटली दिव्यापुढे धरली, बराच वेळ धरली, आणि पहिल्यांदाच मान हलवली नाही.

पण ताटली म्हणजे पाय नव्हे. हा उपचार आपल्याकडे अजून सर्रास कुणी देत नाही. फाज शुद्ध करायचा, त्यात दुसरे काही विषारी नाही हे दाखवायचे, समितीची परवानगी घ्यायची. समितीत एकाने विचारले, उकिरड्यातली वस्तू रुग्णाला कशी देणार? मी म्हटले, तुमची पहिली औषधेसुद्धा बुरशीतून आणि मातीतूनच आली, ती वापरून वापरून बोथट तुम्ही केलीत. हे बोलायला नको होते, असे नंतर साहेब म्हणाले. मला तसे वाटत नाही. सर्जन मात्र सरळ माणूस निघाला. त्याने पायाची तारीख पुढे ढकलली, एका अटीवर. ताप चढला किंवा सूज घोट्याच्या वर गेली तर पुन्हा विचारणार नाही, कापणार.

मी हे सगळे जमीरभाईंना फोनवर सांगितले. उपयोग होईलच असे नाही, हेही सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, गाडी चढावर बंद पडली की दोन गोष्टी राहत्यात. उतरून जायचं, न्हाईतर परत सेल्फ मारायचा. मी कधी उतरून गेल्तो का, विचारा डेपोत."

परवानगीच्या कागदाची प्रत फाइलला लावायला माझ्याकडे आली. सर्जनची अट त्यात छापून घेतलेली होती. शेवटी 'रुग्णाचे म्हणणे' अशी एक रिकामी ओळ असते. तिथे बहुतेक लोक काही लिहीत नाहीत, फार तर 'मान्य' लिहितात. जमीरभाईंनी मोठ्या, एसटीच्या पाटीसारख्या अक्षरात लिहिले होते, 'अट मान्य. पाय माझा आहे. घाई करू नये.'

मी हे लिहीत आहे तोवर त्या गाळातल्या फाजाची चौथी पट्टी बांधून झाली आहे. सूज घोट्याखाली आहे. पुढचे मला माहीत नाही, सर्जनलाही नाही. नेमलेला सोमवार मात्र येऊन गेला, आणि त्या दिवशी जमीरभाई दोन्ही पायांवर उभे होते.