रुमालाखालचा आकडा

इस्त्रीच्या शर्टातल्या माणसाने बैलबाजारात येऊ नये असं माझं म्हणणं नाही. खुशाल यावं, पण आल्यावर तोंड बंद ठेवावं.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी निमगाव सावाहून बैल टेम्पोत घालून मी आणि थोरला भाऊ बेल्ह्याच्या बाजाराला गेलो. घरी ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला काम उरलं नव्हतं. पण खोंड असल्यापासून भावाने त्याला हाताने चारलेलं. सकाळपासून हेडी, म्हणजे जनावरांचे व्यापारी, येत होते, बैलाची शेपटी पिरगाळत होते, जबडा उचकटत होते. भाऊ एकेकाला वाटेला लावत होता. मग घोडेगावच्या वरच्या डोंगरातला एक पाहुणा आला. त्याच्या जोडीतला एक बैल मेला होता, आणि पावसाआधी दुसरा मिळाला नाही तर भातखाचरांची चिखलणी राहणार होती. बैलाला हात लावण्याआधी त्याने त्याच्यापुढे मूठभर चारा धरला. भावाने तिथंच ठरवलं, बैल याच्याच गोठ्यात जायचा.

आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात, आत एकमेकांची बोटं धरतात आणि आकडा ठरतो. बघणाऱ्यांना नुसता रुमाल हलताना दिसतो. पाहुण्याकडे पैसे बेताचे आहेत हे भावाने ओळखलं होतं, आणि फुकट दिला असता तर त्या माणसाने बैल नेला नसता. म्हणून भावाने असा आकडा धरला की पाहुण्याने दचकून वर बघितलं. भाऊ मोठ्याने कुरकुरला, "लई घासाघीस केली राव तुमी!" लोकांना वाटलं, सौदा नेहमीसारखाच झाला. बैल स्वस्तात गेला आणि पाहुण्याची मान ताठ राहिली. रुमाल त्यासाठीच असतो.

पैसे बँकेत होते. पाहुण्याच्या मुलीने चाकणच्या कंपनीतल्या पगारातून टाकलेले. ते काढायला तो कार्ड घेऊन एटीएमच्या रांगेत उभा राहिला, आणि तिथं त्या इस्त्रीच्या शर्टातल्या साहेबाने त्याला गाठलं.

साहेब कुठल्याशा बँकेकडून डिजिटल रुपयाचा प्रचार करायला आला होता. मांडव, बॅनर, माइक, सगळा थाट. सकाळपासून त्याचं एकच पालुपद चाललं होतं: कार्ड वापरलं की मधली परदेशी कंपनी आपला हिस्सा काढून घेते; हा रुपया आपल्याच देशाचा, नोटेसारखाच, फक्त फोनमध्ये राहणारा; मधे कुणी नाही. ऐकायला वाईट नव्हतं. खरंही असेल. पण बैलबाजारात कार्डाने पैसे देतं कोण? जिथं आजवर कुणी कार्ड घासलं नाही, तिथं हा शहाणा देशाला कार्डांपासून वाचवायला निघाला होता.

"बाबा, ठेवा ते कार्ड खिशात," तो पाहुण्याला म्हणाला. "आजच्या बाजारातला पहिला डिजिटल सौदा तुमचाच."

त्याच्या हाताखालच्या पोरांनी पाहुण्याच्या आणि भावाच्या फोनमध्ये काय ते उतरवून दिलं. बैलाला मधे घेऊन फोटो काढला. पैसे पापणी लवते न लवते तोच भावाकडे आले. साहेब तिथं थांबला असता तर मीही टाळी वाजवली असती.

पण त्याने माइक उचलला. "शेतकरी बांधवांनो," म्हणाला, आणि त्याने फोनवर दिसलेला आकडा सांगितला. मग पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने. तो आकडा मी इथं लिहिणार नाही. माझ्यात तेवढी अक्कल आहे.

आधी एक हेडी हसला, मग सगळे. "पावणं, बैल इकत घेतला का दान?" कुणीतरी ओरडलं. पाहुण्याच्या तोंडाकडे मला बघवेना. त्याने कासरा भावाच्या हातात दिला.

"न्हाई भाऊ. माझं पैसं परत करा."

"आवो, हसू द्या की त्यांना. बैल न्या तुमी." भाऊ अक्षरशः गयावया करत होता.

"तुमी केलं ते मला ठावं व्हतं, तवर ठीक व्हतं," पाहुणा म्हणाला. "आता समद्यांला ठावं झालं."

साहेबाच्या टाळक्यात अजून प्रकाश पडला नव्हता. "अहो, पारदर्शक व्यवहार आहे," तो मलाच समजावत होता. इतकं शिकलेलं गाढव मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

पैसे परत गेले, तेही क्षणात. मधे कुणी परदेशी नव्हता, एवढं साहेबाचं खरं निघालं. पाहुणा रिकाम्या हाताने एसटीकडे चालू लागला. भाव फुटल्यामुळे हेडी आता त्या आकड्याच्याही खाली बोलत होते. भावाने एकाशीही न बोलता बैल टेम्पोत चढवला.

परतताना चहाला थांबलो तर त्याच हॉटेलात साहेब जेवणाचं बिल चुकतं करत होता, परदेशी कंपनीच्या चकचकीत कार्डाने.

"साहेब, तुमचा रुपया कुठं गेला?" मी विचारलं.

"याच्यावर पॉइंट मिळतात हो," तो म्हणाला. वर हसला.

पैसे परत पाठवताना पाहुण्याचा नंबर भावाकडे राहिला होता. पाऊस लागल्यावर भावाने फोन केला, बैल घरपोच आणून देतो म्हणायला. फोन पाहुण्याच्या बायकोने उचलला. "औंदा खाचरं पडीकच ठेवली," ती म्हणाली. "ते काय आता कुणाच्या दारात बैल बघाया जात न्हाईत."

बैल अजून आमच्या गोठ्यात उभा आहे. साहेबाचा फोटो पेपरात आला: मधे साहेब, एका बाजूला पाहुणा, दुसऱ्या बाजूला भाऊ, आणि बैलाचं नुसतं शिंग. ज्यांना बाजारात ऐकू गेलं नव्हतं त्यांच्यासाठी खाली आकडाही छापला होता. तो पेपर घोडेगावलाही जातो.