पोटावरचा डाग आणि देवाचा कौल

माझ्या थोरल्याचं पोट हा आमच्या अख्ख्या वाडीचा विषय होता. तोरण्याच्या पायथ्याशी आमची थोडकी घरं, करमणुकीला दुसरं काही नव्हतं. पाणवठ्यावर बायका आधी विचारायच्या, "झाली का गं पोराला?" आणि मग हंडा बुडवायच्या.

चार-चार दिवस व्हायची नाही. पोट हलगीसारखं टणक. मग एकदा व्हायची ती अशी, की मला, घोंगडीला आणि अंगणाला एकदमच आंघोळ. त्यातून त्याला घरामागचा एकच दगड चालायचा. त्या दगडाआड कुणी म्हैस बांधली, की पोरगं दिवसभर धरून बसायचं.

पाच वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. हाक मारली तर वळायचा नाही, पण दारातली वहाण तिरकी पडली तर उठून सरळ करायचा. एका बाजूला काही आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे त्याला खपायचंच नाही. एकदा माझ्या डाव्या हातातली बांगडी फुटली, तर उजव्या हातातलीही एक उतरवेपर्यंत त्याने रडून घर डोक्यावर घेतलं. अशा मुलांना आता स्वमग्न म्हणतात. तेव्हा आमच्याकडे "खुळं" हा एकच शब्द होता, आणि तो ऐकला की माझं डोकं फिरायचं.

उन्हाळ्यात म्हशी आटल्या की त्याचं पोट जरा बरं असायचं, हे मी हेरलं होतं. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "दुधानं कुनाचं पोट बिघडतं व्हय? दुधावर तर घर चाललंय." भोरच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गुलाबी औषधाची बाटली दिली आणि वर सांगितलं, दूध भरपूर पाजा. सासूबाई परतीच्या वाटेवर डॉक्टरांचं कौतुक करत आल्या.

शेवटी सासऱ्यांनी ठरवलं, विळा तापवून पोटावर डाग द्यायचा. म्हशीला आणि पोराला आमच्याकडे एकच दवाखाना. आमच्या ह्यांना विचारलं, तर बापाकडे बोट करून "दादा म्हनतील तसं" म्हणून ते गोठ्यात गेले. सासऱ्यांशी बोलायची सुनेला सोय नव्हती, म्हणून मी चुलीशी बोलले, पण चुलीला लागतं त्याच्या दसपट मोठ्याने. "पोराला हात लावायच्या आधी मला डागा म्हनावं."

सासरे उघडेच बसले होते. त्यांच्या पोटावर लहानपणीचे डाग होते, एकीकडे तीन, दुसरीकडे दोन. ते भिंतीला म्हणाले, "मला बी डागलं हुतं. मेलो का म्या?"

भांडण मिटेना, तेव्हा गावदेवाला कौल लावायचं ठरलं. देवाच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर डाग द्यायचा, डावी पडली तर नाही. सासूबाई म्हणाल्या, पोराला घरी ठेव. पण मी देवळात असताना इकडे कुणी विळा तापवला तर? मी त्याला काखेला मारलं आणि देवळात अगदी पुढे बसवलं.

गुरवाने कळ्या लावल्या. सगळे डोळे लावून बसले. जरा वेळाने उजवी कळी हलली आणि पडली. मी पोराला ओढून घ्यायला हात लांब केला.

तेवढ्यात पोरगं उठलं, देवाच्या डाव्या खांद्यावरची कळी काढून खालच्या कळीशेजारी ठेवली आणि सुटल्यासारखं येऊन बसलं.

"कौल बाटला," म्हणत गुरवाने पुन्हा कळ्या लावल्या. या वेळी डावी पडली. मी हात जोडले, तोवर हा उठून उजवी काढून मोकळा. मनातल्या मनात मी त्याला एक धपाटा घातला. तिसऱ्यांदा दोन्ही कळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. देवालाही कंटाळा आला असावा. पोरगं मात्र जागच्या जागी खुशीत डोलत होतं.

गुरव म्हणाला, "दादा, देव व्हय म्हनत न्हाई आन न्हाई बी म्हनत न्हाई. माजी धारंची येळ झाली." आणि तो गेला.

घरी येईपर्यंत सासरे धुसफुसत होते. ओसरीवर टेकले आणि भिंतीला म्हणाले, "मग आता काय करायचं म्हनावं?"

मी चुलीला सांगितलं, "दूध बंद करायचं म्हनावं."

ओसरीवरून आवाज आला, "करा."

त्याच्या पितळी वाटीत मी भाताची पेज घातली. कितीतरी दिवस तो ती वाटी पालथी करत राहिला. मी रडले, त्याला शिव्या दिल्या, पुन्हा पेज घातली. एका सकाळी प्यायला. पोट अगदी सरळ कधीच झालं नाही, पण हलगी मऊ पडली.

पुढे एका दुपारी सासरे ओसरीवर उघडे पहुडले होते. पोरगं त्यांच्या पोटावरच्या एकेका डागावर बोट ठेवत होतं, आणि दोनच्या बाजूला तिसरा कुठे आहे तो शोधत होतं. मग त्याने आपला सदरा वर केला, दोन्हीकडून हात फिरवला. कुठेच काही नव्हतं. समाधानाने सदरा खाली ओढला.

सासऱ्यांनी ते पाहिलं. भिंतीकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "माज्या येळंला कळी काढाया कुनी नव्हतं, पोरी."