कॅमेऱ्याच्या जागी ठोकळा

मी आज जो काही आहे, तो बिडकीनच्या शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या बाईंमुळे. घरातला मी पहिला पदवीधर. कॉलेजात प्रवेश कसा घेतात हे आमच्याकडं कुणालाच माहीत नव्हतं. बाईच मला एसटीनं शहरात घेऊन आल्या. पुढं मी संभाजीनगरातच एका अभियांत्रिकी कॉलेजात शिकवू लागलो.

तिथं माझ्या विद्यार्थ्यांनी जायकवाडीच्या पाण्याचं तापमान अवकाशातून टिपणारा छोटा कॅमेरा बनवला. अवजड रॉकेटात एका मोठ्या उपग्रहासोबत बरंच काही जातं: लहान उपग्रह, उपकरणं, प्रयोगांच्या पेट्या. त्या गर्दीत आम्हाला एक कोपरा मिळाला. बाईंनी शाळाभर सांगितलं.

कॅमेरा रवाना व्हायच्या दिवशी कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी पूजा ठेवली. मी हात जोडले. "साहेब, पूजा डब्याच्या बाहेरूनच करू. आत धुळीचा कणसुद्धा जायला नको."

"बंद डब्याचा फोटो काय काढायचा?" म्हणत त्यांनी स्वतःच झाकण उघडलं आणि कॅमेऱ्यावर हळद-कुंकू वाहिलं.

"साहेब, अवकाशात हे कण तरंगतात. शेजारच्या उपग्रहांच्या भिंगांवर जाऊन बसतात."

"चिमूटभर कुंकवानं काय व्हतंय मास्तर? लई शिकलात म्हणून देव नको झाला व्हय?"

सगळे हसले. फोटोवाला मला म्हणाला, "सर, तुम्ही पण हसा की."

आम्ही जमेल तेवढं पुसलं. पण प्रक्षेपण केंद्रात तपासणीच्या दिव्याखाली तारांच्या मुळाशी लाल कण दिसले. कॅमेरा नाकारला गेला. रॉकेटचा तोल आधीच ठरलेला असतो, जागा रिकामी सोडता येत नाही. म्हणून तिथं तेवढ्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसवला. पोरांनी रक्त आटवलेला कॅमेरा परत आला आणि ठोकळा अवकाशात गेला! आजही आठवलं की डोकं भणभणतं.

अध्यक्षांनी अहवाल तयारच ठेवला होता: विद्यार्थ्यांच्या कामात त्रुटी. मी सही न करता उठलो आणि घरी येऊन बाईंना लिहिलं:

"आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

रॉकेट गेलं, आपला कॅमेरा गेला नाही. तो चांगला होता. अध्यक्षांनी फोटोसाठी तो उघडला आणि आता दोष मुलांवर टाकतायत. त्या कागदावर मी सही केलेली नाही. नोकरी बहुतेक जाईल. वर्गात मुलांना खरं तेच सांगा. शाळेच्या फलकावर कॅमेरा अवकाशात गेल्याबद्दल अध्यक्षांचं अभिनंदन लिहिलंय असं कळलं. ते आजच्या आज पुसून टाका."